मराठी शोधनिबंध ‘फॉन्ट चालत नाही’ म्हणून परत येतो तेव्हा काय तपासायचं

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या निबंधाला होत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

– तुमच्या संगणकावर स्वच्छ मराठी, संपादकांकडं मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर आणि अर्धविराम यांची रांग.
– काही शब्दांत टिंबांचं वर्तुळ आणि त्यावर लटकलेला चंद्र किंवा रफार.
– वेलांटी एक अक्षर पुढं नाहीतर मागं सरकलेली.
– डोळ्यांसमोर असलेला शब्द कंट्रोल-एफ करून शोधला तर ‘सापडला नाही’.
– तुमच्याकडं बारा पानं, त्यांच्याकडं सतरा.
– कन्नड उताऱ्याच्या जागी रिकामे चौकोन.
– साम्यता तपासणीचा (मजकूर दुसरीकडून उचललाय का, ते बघणाऱ्या तपासणीचा) अहवाल शून्य टक्के. यावर खूश होऊ नका, कारण खाली येईल.

मी बेळगावात डीटीपीचं काम करतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले मराठीचे प्राध्यापक आणि पीएच.डी.ची मुलं-मुली येतात, आणि वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: ‘फाईल परत आली की हो, फॉन्ट चालत नाही म्हणालेत.’ पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘दुसरा फॉन्ट घालून देता काय?’ दुसरा फॉन्ट घालून हे सुटत नाही. फॉन्ट हा वरचा दिखावा झाला. खाली साठवलेलं अक्षर कोणतं आहे, ते आधी बघायचं. ते चुकलं असेल तर वरून काहीही चढवा, फाईल परत येणारच.

आमच्या भागात हा त्रास जरा जास्त होतो, त्याला कारणं आहेत. इथल्या टायपिंगच्या दुकानांत श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम, शिवाजी असे सगळे जुने मराठी फॉन्ट अजून आहेत. शेजारच्या संगणकावर कन्नडसाठी नुडी किंवा बरह असतं. एकाच निबंधात प्रस्तावना घरी मोबाईलवर टाईप केलेली, दुसरं प्रकरण दुकानात कृतिदेवात, आणि शिलालेखाचा उतारा कन्नडच्या सरांनी नुडीत टाईप करून दिलेला. एका फाईलमध्ये तीन तऱ्हेची अक्षरं आणि तिन्ही वरून बघायला ठीकच.

तपासायला सुरुवात करण्यापूर्वी मूळ फाईलची एक प्रत करून नावात ‘मूळ’ असं लिहून बाजूला ठेवा. तिला हात लावायचा नाही.

पैसे न लागणारी पहिली तपासणी: मेल आणि नियम पुन्हा वाचा

हे सांगायला नको असं वाटतं, पण परत आलेल्या फाईलींतल्या कितीतरी फॉन्टसाठी परत आलेल्याच नसतात. मेलमधल्या पहिल्या वाक्यात ‘युनिकोड’ (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत) असतं, ते वाचून माणूस घाबरतो आणि खालच्या तीन ओळी राहून जातात: शब्दमर्यादा ओलांडली आहे, सारांश नाही, टिपा पानाखाली आहेत त्या शेवटी हव्यात. नियतकालिकाची लेखकांसाठीची सूचना छापून काढा आणि एकेका ओळीवर पेन्सिलीनं खूण करत जा. मराठी नियतकालिकांची सूचना बहुधा पानभराचीच असते. संदर्भ एमएलए पद्धतीनं हवेत, एपीए पद्धतीनं हवेत की त्यांची स्वतःची वेगळी पद्धत आहे, हे त्यातच असतं. एमएलएची नववी आवृत्ती २०२१ ची आहे, एपीएची सातवी २०१९ ची. गाइडनी दिलेली जुनी छापील प्रत बघून संदर्भ लावले असतील तर तेवढं ताडून घ्या.

नोटपॅडची तपासणी

एकच तपासणी करायची असेल तर ही करा. वर्डमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. नोटपॅड साधं आहे, त्याला फॉन्टचे लाड नाहीत, म्हणून खाली जे असेल तेच ते दाखवतं.

मराठी मराठीच राहिलं तर अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, अर्धी लढाई जिंकली. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर फाईल जुन्या फॉन्टमध्ये आहे. उदाहरणार्थ, कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द खाली ई, जे, के, मोठा बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. त्या अक्षरांना फॉन्टनं मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. तुमच्याकडं तो मुखवटा आहे, संपादकांकडं नाही, एवढीच भानगड. आणि साम्यता तपासणारी प्रणाली मुखवटा बघत नाही, खालची अक्षरं वाचते. तिला मराठी दिसतच नाही, म्हणून ती शून्य टक्के सांगते. संपादकाला असा शून्याचा अहवाल दिसला की मजकूर मुद्दाम लपवला की काय, अशी शंका त्याला येते. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळं शून्य आणण्याचा हट्ट धरायचं कारणही नाही.

एकच परिच्छेद बघून थांबू नका. सुरुवातीचा एक, मधला एक, एक तळटीप, एक तक्ता आणि संदर्भसूचीतल्या चार ओळी अशा पाच ठिकाणी बघा. मिश्र फाईल पहिल्या पानावर नेहमी शहाणी दिसते.

याच्याच जोडीची दुसरी तपासणी म्हणजे फाईल दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर उघडायची. स्वतःच्या नको, कारण त्यावर तुम्ही काय काय घालून ठेवलंय ते तुम्हालाही आठवत नसेल. मोबाईलवर श्रीलिपी नसते, त्यामुळं तिथं जे दिसेल ते साधारण संपादकांना दिसतं.

नोटपॅडमध्ये सगळं मराठी दिसत असेल तर रूपांतराचा भाग सोडून बाकीचं वाचा. गोंधळ दिसला तरी मधल्या तपासण्या आधी वाचाच, त्या रूपांतर झाल्यावरही कराव्या लागतात.

पानं वाढणं, आकार न बदलणं

नियमात ‘आकार १४’ म्हटलेलं असतं. तुम्ही कंट्रोल-ए करून १४ देता, आणि तरी काही ओळी बारीक राहतात. वर्ड इंग्रजीसारख्या लिपींसाठी एक फॉन्ट ठेवतं आणि देवनागरी, कन्नड यांच्यासाठी वेगळा. कंट्रोल-डी दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतील. मराठीचा फॉन्ट, आकार, ठळकपणा हे सगळं दुसऱ्या भागात द्यायचं. विशेषतः स्टाईल लावून केलेल्या फाईलीत ही गडबड हमखास असते, तिथं स्टाईलमध्येच जाऊन बदला, म्हणजे प्रत्येक शीर्षकाच्या मागं धावावं लागत नाही. टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तो मराठीवर लावला की वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतं, आणि तो दुसरा कुठला हे प्रत्येक संगणकावर वेगळं असू शकतं. बाराची सतरा पानं होतात ती इथं.

कुठला फॉन्ट वापरावा, असं सगळे विचारतात. नियतकालिकानं सांगितलेला. सांगितलेला नसेल तर विंडोजबरोबर येणारा निर्मला यूआय, नाहीतर फुकट मिळणारा नोटो सेरिफ देवनागरी. संपादकांकडं सहज असेल असा साधा घ्या. लग्नपत्रिकेचा वळणदार फॉन्ट निबंधाला नको.

मजकुराची भाषा वर्डमध्ये ‘मराठी’ अशी लावून टाका. काही फॉन्ट भाषा बघून ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण मराठी की हिंदी ते ठरवतात, आणि भाषा इंग्रजी राहिली तर सगळ्या निबंधाखाली लाल रेघा येतात त्या वेगळ्याच.

दिसायला सारखी, आतून वेगळी

ही जागा चिवट आहे, इथं वेळ द्या.

विसर्ग आणि अपूर्णविराम. ‘उदा’ लिहून पुढं दोन ठिपके हवेत, तिथं विसर्ग पडलेला असतो, किंवा ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम. छापल्यावर फरक कळत नाही, शोधताना कळतो. वर्डमध्ये त्या ठिपक्यांच्या लगेच पुढं कर्सर ठेवून आल्ट-एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो. ०९०३ आला तर विसर्ग. पुन्हा आल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं. शंका आली की हे करायचं, वाद घालत बसायचं नाही.

‘ऑ’ आणि ‘ॲ’. ‘ऑफिस’मधला ‘ऑ’ हे युनिकोडमध्ये एकच अक्षर आहे. पण जुन्या सवयीनं किंवा रूपांतरात ‘आ’ टाकून त्यावर चंद्र ठेवला जातो. एका संगणकावर ते जुळून येतं, दुसऱ्यावर चंद्र टिंबांच्या वर्तुळावर जाऊन बसतो. ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळं त्याआधीच्या फाईलींत ‘अ’वर चंद्र ठेवलेलाच सापडतो. ‘ओ’च्या मात्रेचंही तेच: काना आणि मात्रा वेगवेगळे टाईप केले तरी ‘को’ दिसतं, पण ते खरं ‘को’ नव्हे. कंट्रोल-एफनं शब्द सापडत नाही त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं.

आकडे. मजकुरात देवनागरी आकडे की इंग्रजी, हे एकदा ठरवा आणि सगळीकडं तेच ठेवा. पण डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) आणि संकेतस्थळाचे पत्ते यांत मात्र आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कळफलक चालू ठेवून डीओआय टाईप केला की सुरुवातीचा दहाच देवनागरी होतो आणि दुवा मरतो. पत्ते टाईप करूच नका, मूळ पानावरून कॉपी करा.

दंड. मराठीत वाक्याच्या शेवटी पूर्णविराम असतो. कुठून तरी उभी रेघ आली असेल तर समजा की तो परिच्छेद हिंदीतून आलाय किंवा रूपांतरात गडबड झालीय. ओवी-अभंगाच्या उताऱ्यात दंड हवाच, तिथं तो खरा दंड आहे की इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ, ते बघा.

नाव लपवणं

पुष्कळ नियतकालिकं परीक्षकाला लेखकाचं नाव कळू देत नाहीत. लेखक पहिल्या पानावरचं नाव खोडतो आणि निवांत होतो. पण वर्ड फाईलीच्या माहितीत लेखक म्हणून नाव राहतं, कधी तुमचं, कधी दुकानाचं, कधी लॅपटॉप ज्या मेहुण्याचा त्याचं. ‘फाईल’मध्ये ‘इन्फो’, तिथं ‘चेक फॉर इश्यूज’, त्यात ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’. चालवा आणि नाव, शेरे, दुरुस्त्यांच्या खुणा सगळं काढून टाका. ‘मी माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे’ असं वाक्य आत असेल तर वरच्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही, तेही बदला. आभाराचा परिच्छेद वेगळ्या फाईलीत.

छायाचित्रं

एकच गोष्ट सांगतो: व्हॉट्सॲपवरून आलेलं छायाचित्र निबंधात घालू नका. पाठवताना ते दाबून लहान केलं जातं. हलशीच्या देवळाचा किंवा बेळगाव किल्ल्यातल्या कमलबस्तीचा फोटो काढणाऱ्याला सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे पाच इंच रुंदीच्या चित्राला १५०० ठिपके. त्यापेक्षा कमी असेल तर वर्डमध्ये ओढून मोठं केल्यानं काही वाढत नाही.

संदर्भसूची आणि गावांची नावं

इथं आमच्या भागाची स्वतःची एक डोकेदुखी आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ चा एकविसावा खंड इंग्रजीत बेळगावचं जुनं स्पेलिंग वापरतो. मराठी पुस्तकांवर बेळगाव असतं. मग सूचीत एकाच गावाची तीन रूपं येतात आणि संपादक ‘एकसारखं करा’ म्हणतो. एकसारखं करायचं नाही. प्रकाशनस्थळ पुस्तकावर छापलं असेल तसंच ठेवायचं, तो त्या पुस्तकाचा पुरावा आहे. निबंधाच्या स्वतःच्या मजकुरात कोणतं रूप घेता ते पहिल्या टिपेत एका ओळीत सांगा. आणि तुमच्या महाविद्यालयाचा पत्ता महाविद्यालय अधिकृतपणे लिहितं तसा. यावर भावना तीव्र असतात हे मला ठाऊक आहे, पण संदर्भसूची ही ती लढायची जागा नव्हे.

तसंच विद्यापीठाचं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी बेळगावची महाविद्यालयं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडं होती. १९९० च्या दशकातल्या अप्रकाशित प्रबंधापुढं राणी चन्नम्मा विद्यापीठ असं लिहिलेलं दिसलं तर जाणकार परीक्षकाचा पुढच्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास उडतो. प्रबंधाचं मुखपृष्ठ बघून लिहा.

झोटेरो (संदर्भसूची आपोआप तयार करणारी प्रणाली) वापरत असाल तर चांगलंच, पण मराठी नोंदींत ‘एट अल’ आणि संपादकासाठीचं इंग्रजी संक्षिप्त रूप आपोआप येतं. ‘व इतर’ आणि ‘संपा.’ असं शेवटी हातानं करा. शेवटीच, कारण आधी केलंत तर सूची ताजी केल्यावर ते पुन्हा इंग्रजी होतं.

अवघड काम: जुन्या फॉन्टमधून युनिकोड

नोटपॅडमध्ये इंग्रजी गोंधळ दिसला असेल तर इथं यावंच लागतं. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी. कृतिदेवाचं साधन श्रीलिपीला चालत नाही. म्हणून आधी फॉन्टचं नेमकं नाव बघा, पुढचा क्रमांक असेल तर क्रमांकासकट.

पहिलं काम: ज्या संगणकावर जुना फॉन्ट अजून आहे, तिथं मूळ फाईलीची पीडीएफ काढा किंवा सरळ छापून घ्या. रूपांतरानंतर ताडून बघायला हाच एक साक्षीदार उरतो. तिरपी पुस्तकनामं, ठळक शब्द हे रूपांतरात पुसले जातात, ते या छापील प्रतीवरून परत घालायचे.

दुसरं: फाईलीतला खरा इंग्रजी मजकूर आधी बाजूला काढा. इंग्रजी ग्रंथांची नावं, डीओआय, सारांश. साधनाला खरं इंग्रजी आणि मुखवट्याखालचं इंग्रजी यांतला फरक कळत नाही, ते सगळ्याचंच मराठी करून ठेवतं. संदर्भसूचीत असलं अगम्य मराठी दिसलं की समजावं, इथं कुणीतरी सगळी फाईल एकदम टाकली होती.

तिसरं: तळटिपा वेगळ्या करा. कंट्रोल-एनं मुख्य मजकूर निवडला तरी तळटिपा त्यात येत नाहीत. त्यामुळं निबंध युनिकोड, टिपा कृतिदेवात अशी फाईल तयार होते आणि संपादक पुन्हा मेल करतो. टिपांमध्ये जाऊन त्या वेगळ्या निवडा, वेगळ्या बदला.

रूपांतर झालं की खरी मेहनत सुरू. मी या क्रमानं बघतो. बदललेला मजकूर नोटपॅडमध्ये घेतो आणि आधी ‘पाय मोडलेलं अक्षर आणि लगेच काना’ अशी जोडी शोधतो. मराठीत ही जोडी कधीच येत नाही, म्हणजे जिथं सापडेल तिथं चूक नक्की. ‘ख’, ‘ण’, ‘श’ या अक्षरांपाशी ती जास्त सापडते, कारण जुन्या फॉन्टांत ही अक्षरं अर्धं अक्षर आणि वर काना अशी जोडून बनवलेली असत. मग ‘अनुस्वार आणि लगेच वेलांटी’ शोधतो. क्रम उलटा हवा, आधी वेलांटी.

मग रफार. जुन्या टायपिंगमध्ये रफार अक्षरानंतर दाबला जाई, युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. साधन चांगलं नसेल तर ‘कार्य’मधला रफार पुढच्या नाहीतर मागच्या अक्षरावर उडी मारतो. आणि ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’, ‘सुऱ्या’ यांतला आडवा अर्धा र तर पुष्कळ साधनं सरळ रफार करून टाकतात: ‘तर्हा’, ‘वर्हाड’. ‘र्ह’ शोधून एकेक तपासा. ‘र्य’ही शोधा, पण एकदम सगळे बदलू नका. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त दक्षिणा वेगवेगळ्या माणसांना गेली. ते यंत्राला कळणार नाही, वाचणाऱ्यालाच कळेल.

शेवटी सगळा निबंध छापील प्रत शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा. एकट्यानं नको. एकानं छापील प्रत वाचायची, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवायचं. नावं, सनावळ्या आणि शक यांच्यापाशी थांबायचं. शक आणि इसवी सन यांत साधारण ७८ वर्षांचं अंतर असतं, एवढी बेरीज जागच्या जागी करून बघितली तरी आकड्यांच्या चुका हाती लागतात.

कन्नड आणि मोडी उतारे

रिकामे चौकोन दिसतात ते बहुधा देवनागरी फॉन्ट कन्नड मजकुरावर लावल्यामुळं. निर्मला यूआयमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, तो लावून बघा. नोटो घेतला असेल तर कन्नडसाठी नोटोचाच कन्नड फॉन्ट वेगळा लावा. तरीही गोंधळ असेल तर उतारा नुडीच्या जुन्या मांडणीत आहे, त्याचं रूपांतर कन्नडच्या साधनानं वेगळं करावं लागेल.

उतारा कन्नड लिपीत दिला तरी त्याखाली देवनागरी लिप्यंतर द्या, पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला कन्नड वाचता येतंच असं नाही. लिप्यंतरात एक निर्णय आधी घ्यावा लागतो. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत, मराठीत नाहीत. युनिकोड देवनागरीत ऱ्हस्वासाठी ‘ऎ’ आणि ‘ऒ’ आहेत. ते वापरायचे की साधे ‘ए-ओ’ चालवायचे ते ठरवून टिपेत सांगा. जुन्या शिलालेखांतल्या कन्नडमध्ये आणखी दोन अक्षरं येतात, जी आजच्या कन्नडमधून गेली आहेत. देवनागरीत त्यांच्यासाठी ‘ऱ’ आणि ‘ऴ’ वापरतात. ‘ऴ’ दिसला की प्रुफं वाचणारा ‘ळ’ला चुकून नुक्ता लागला म्हणून काढून टाकतो. संपादकांना वेगळ्या ओळीत लिहून कळवा.

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण नियतकालिकांच्या संगणकांवर मोडीचा फॉन्ट क्वचितच असतो. कागदाचं चांगलं छायाचित्र आणि खाली देवनागरी वाचन, एवढं पुरतं.

पीडीएफ

वर्डमधूनच ‘सेव्ह ॲज’ करून पीडीएफ काढा. उघडून तिच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी बघा. प्रत्येक फॉन्टपुढं तो आत बसवला असल्याची नोंद हवी. पीडीएफमधून मराठी कॉपी केलं तर युनिकोड असूनही वेलांट्या थोड्या सरकतात, त्याला घाबरू नका. म्हणूनच संपादक वर्ड फाईलही मागतात. दोन्ही पाठवा.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

फाईल पेजमेकरची (छपाईची पानं मांडायच्या जुन्या प्रणालीची) असेल तर स्वतः खटपट करू नका. वर्ड ती उघडत नाही, आणि मूळ फॉन्ट, मूळ प्रणाली दोन्ही ज्याच्याकडं जिवंत आहे असा जुना डीटीपीवालाच ती सोडवू शकतो.

फाईल हरवली आणि फक्त छापील प्रत उरली असेल, तर ती स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर निघतो. दोन-चार पानांना हे ठीक आहे. ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’ होत राहतो, म्हणून पानं जास्त असतील तर सरळ टाईप करायला द्या, ते स्वस्त पडतं.

वर्ड फाईल ‘खराब झाली आहे’ म्हणत असेल तर ती पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका. मूळ प्रत आणि पेनड्राइव्ह तसाच्या तसा जाणकाराकडं न्या.

शिलालेखाचं वाचन आणि जुनी कन्नड अक्षरं कन्नडच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या, मोडी मोडी वाचणाऱ्याकडून. ते काम डीटीपीवाल्याचं नव्हे, माझंही नव्हे. आम्ही अक्षर बसवतो, ते बरोबर वाचलंय की नाही ते आम्ही सांगू शकत नाही.

साम्याचं प्रमाण खरंच जास्त येत असेल तर गाइडकडं जा. शब्द फिरवून किंवा अक्षरांच्या मध्ये न दिसणारी चिन्हं घालून ते ‘कमी करून देतो’ म्हणणारे लोक असतात. त्यांच्याकडं फाईल देऊ नका.

आणि एखादं नियतकालिक पैसे भरले की दोन दिवसांत छापतो म्हणत असेल, तर फॉन्टचा विचार थांबवून आधी ग्रंथपालांना भेटा. नियतकालिकाला आयएसएसएन हा ओळख क्रमांक असणं म्हणजे दर्जा नव्हे. युजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं, तरी मुखपृष्ठावर ‘केअर लिस्टेड’चा शिक्का अजून दिसतो. तुमचं विद्यापीठ आता काय धरतं ते विद्यापीठालाच विचारा.

डीटीपीवाल्याकडं काम देताना चार गोष्टी बरोबर न्या: मूळ फाईल, फॉन्टचं नाव, जुन्या फॉन्टमधली छापील प्रत आणि नियतकालिकाच्या सूचनांचं पान. दर पानावर ठरतो की तासावर, ते आधी विचारा, आणि तळटिपा पानांत धरल्यात का तेही. काम झालं की वर्ड फाईल मागून घ्या. नुसती पीडीएफ दिली तर परीक्षकाच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढावी लागते.